बाराशे ओळी, चार फर्मे: पहिली दीर्घ कविता लिहून छापणाऱ्यांसाठी

नागपूरच्या महाल भागातल्या एका प्रेसमध्ये मी पहिल्यांदा कवितेचं बाड घेऊन गेलो, तेव्हा काउंटरवरच्या भाऊंनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "कविता कायची हाय ते नंतर सांगा. किती फर्म्याची हाय?" फर्मा म्हणजे सोळा पानांचा छापील गठ्ठा, हेच मला माहीत नव्हतं. घरी येऊन मी चार वर्षांच्या त्या लिखाणाकडे पहिल्यांदा कागदाच्या हिशेबाने बघितलं आणि ओशाळलो.

वीजमीटरचे आकडे टिपत मी अर्धं नागपूर पायी फिरलो आहे. नाग नदी घरांच्या मागून कशी जाते हे त्या कामात दिसलं आणि त्यातून एक लांबलचक कविता झाली. पहिला खर्डा १,९०० ओळींचा होता, छापल्या १,२००. मधल्या ७०० ओळी कुठे गेल्या आणि छापताना कायकाय अडलं, ते इथे पायरीपायरीने सांगतो. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. दीर्घ कविता मोठ्याने, समोर माणूस बसवून, पूर्ण वाचल्याशिवाय छापायला देऊ नका. बाकीच्या सगळ्या सूचना या एका सूचनेच्या पोटातल्या आहेत.

१. खरंच दीर्घ आहे का ते बघा

एकाच विषयावरच्या चाळीस कविता ओळीने लावल्या की दीर्घ कविता होत नाही, तो संग्रह होतो. त्यात वाईट काही नाही, पण मग संग्रहच काढा. ओळखण्याची सोपी युक्ती अशी: मधलं कुठलंही पान काढून टाका आणि पुढचं वाचा. काहीच बिघडलं नाही, तर ते पान कवितेचं नव्हतं. अशी दहा पानं निघाली, तर तुमच्याकडे दीर्घ कविता नाही, दीर्घ हौस आहे.

लांबीचं दडपण घेऊ नका. ज्ञानेश्वरीच्या सुमारे ९,००० ओव्या डोळ्यांसमोर ठेवून कोणी लिहायला बसलं, तर तो तिसऱ्या दिवशी वही मिटेल. आपल्या रामटेकशी ज्याचं नाव जोडलं जातं ते मेघदूत घ्या. संस्कृतचे अभ्यासक वा. वि. मिराशींनी त्या काव्यातला रामगिरी म्हणजे रामटेकच, असं आग्रहाने मांडलं. ते काव्य एवढं गाजलेलं, पण श्लोक सव्वाशेच्या आत-बाहेर. मनाचे श्लोक २०५. 'दीर्घ' हा शब्द ओळींपेक्षा दमाबद्दल जास्त सांगतो. तीनशे ओळींतही तो दम दिसतो.

नागपुरात दीर्घ कविता लिहायची तर कवी अनिलांचं 'भग्नमूर्ती' एकदा शोधून वाचा. १९४० सालचं पुस्तक, मुक्तछंदातलं. अनुकरणासाठी नको. विचार हाच जिथे कथानकाची जागा घेतो, तिथे माणूस वाचकाला पुढच्या पानावर कसा नेतो, एवढ्यासाठी वाचा.

२. ओळी लिहिण्याआधी मुक्काम ठरवा

लघुकविता एका झटक्यात येऊ शकते. दीर्घ कवितेला रस्ता लागतो आणि रस्त्याला मुक्काम लागतात. माझ्या कवितेत ते नदीनेच दिले: अंबाझरी, शंकरनगर, पंचशील, मोक्षधाम, जगनाडे, पारडी, कन्हान. सात भाग. तुमच्या विषयाला असे भूगोलाचे टप्पे नसतील, तर वेळेचे असतील (एका रात्रीचे प्रहर), कामाचे असतील (धान पेरणीपासून भरडाईपर्यंत), नात्याचे असतील. पण टप्पे हवेतच.

प्रत्येक भागाला एक पोस्टकार्ड घ्या आणि त्यावर तीनच गोष्टी लिहा: भागाच्या सुरुवातीला कोण कुठे आहे, शेवटी कोण कुठे आहे, आणि मधे काय बदललं. तिसऱ्या प्रश्नापुढे जागा कोरी राहिली, तर तो भाग अजून लिहायला घेऊ नका. माझं शंकरनगरचं कार्ड वर्षभर कोरं होतं. वर्णन भरपूर सुचत होतं, घडत काहीच नव्हतं. मग २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आली. अंबाझरी तलाव भरून वाहिला, वस्त्यांत पाणी शिरलं, आणि त्या भागात काय बदलतं हे मला शोधावं लागलं नाही.

आपल्या जुन्या काव्यशास्त्राने याबाबत एक नियम सांगून ठेवला आहे, तो आजही कामाचा आहे. विश्वनाथाच्या साहित्यदर्पणात महाकाव्याची लक्षणं दिली आहेत: सर्ग आठांहून अधिक असावेत, सर्गभर एक वृत्त चालवून शेवटी ते बदलावं, आणि सर्गाच्या अखेरीस पुढच्या सर्गातल्या गोष्टीची चाहूल द्यावी. आठ सर्ग तुम्हाला नकोत. पण उरलेल्या दोन गोष्टी आजच्या मुक्तछंदातही चालतात. भागाच्या शेवटच्या चार ओळींची चाल थोडी मोडा आणि पुढच्या भागातली एखादी वस्तू तिथे आणून ठेवा. टीव्ही मालिका रोज हेच करतात, फक्त त्यांना कोणी विश्वनाथ सांगत नाही.

३. चाल: ओझं वाहील अशी निवडा

इथे नवखे सगळ्यात जास्त फसतात, म्हणून जरा थांबतो.

शार्दूलविक्रीडित हे वृत्त ऐकायला भरदार आहे. एकोणीस अक्षरं, ठरलेले गण (तीन-तीन अक्षरांचे गट), मधे यती, म्हणजे ठरलेला थांबा. चार श्लोकांपुरतं छान. पण त्यात सातशे ओळी लिहायला गेलात, तर तुम्ही वृत्ताचे नोकर होता. लांब पल्ल्याला साध्या चाली बऱ्या. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड. त्या आखूड चरणात श्वास घेता येतो, म्हणून ती हजारो ओव्या चालू शकते. अभंगाचं सहा-सहा-सहा-चार अक्षरांचं माप तसंच. मात्रावृत्तांत पादाकुलक, सोळा मात्रांचं, आठ-आठच्या दोन पावलांनी चालतं. बोलण्याच्या जवळ आहे, म्हणून मी तेच घेतलं.

मात्रा मोजायला अवघड नाही. ऱ्हस्वाची एक, दीर्घाची दोन, आणि जोडाक्षराआधीच्या ऱ्हस्वावर आघात आला की त्याच्याही दोन. पुराच्या भागातल्या या चार ओळी बघा:

पूल बुडाला पहाटवेळी
दारापाशी नाग थांबली
ओसरताना चिखलामध्ये
एक वही ती फुगून गेली

प्रत्येक ओळ सोळा मात्रांची, हिशेबात चोख. तरी चौथी ओळ लंगडते. त्यातला 'ती' काही सांगत नाही, तो दोन मात्रा भरायला आलाय. याला भरतीचा शब्द म्हणतात. 'तो', 'हा', 'रे', 'खरोखर', 'जणू' ही मंडळी भरतीला कायम तयार असतात. छोट्या कवितेत असा एखादा खपून जातो. बाराशे ओळींत दर दहा ओळींना एक आला तरी १२० होतात, आणि मग वाचकाला कवितेपेक्षा तुमची मोजपट्टी दिसायला लागते. मी ती ओळ बदलली:

ओसरताना चिखलामध्ये
कुणा मुलीची वही उघडली

मात्रा सोळाच. पण आता वही कुणाची तरी झाली, आणि ती मुलगी पुढे दोन भाग कवितेत राहिली. भरतीचा एक शब्द काढताना मला एक पात्र मिळालं. म्हणून सांगतो, भरती काढणं हे शेवटी करायचं साफसफाईचं काम समजू नका.

मुक्तछंदात लिहिणार असाल तर 'सुटलो' असं वाटून घेऊ नका. अनिलांच्या मुक्तछंदालाही अक्षरांच्या गटांची लय होती. ओळ कुठे तोडायची याचं कारण तुमच्या कानाला देता आलं पाहिजे. कारण नसेल तर ते गद्य आहे, एंटर दाबून तोडलेलं. छंदांचा पाया कच्चा वाटत असेल तर माधव जूलियनांचं 'छंदोरचना' ग्रंथालयात बसून चाळा. सगळं वाचायची गरज नाही, आपल्याला हवी ती चाल शोधा आणि तिची चार उदाहरणं हाताने उतरवून काढा.

४. लिहिण्याची शिस्त, आणि कूलर

दिवसाला वीस ओळी पुष्कळ झाल्या. दहा झाल्या तरी नाराज होऊ नका. उठताना पुढच्या दिवसाची पहिली ओळ अर्धी लिहून ठेवा. सकाळी कोऱ्या पानापेक्षा अर्ध्या ओळीसमोर बसणं सोपं जातं.

माझा अनुभव असा की एप्रिल-मेमध्ये नवीन लिहू नये. पंचेचाळीस डिग्रीत कूलरच्या घरघरीत ओळीचा आवाज कानाला लागत नाही, आणि कूलर बंद केला तर माणूसच लागत नाही. ते दोन महिने मी टाइप करायला आणि कापाकापीला ठेवतो. नवीन लिखाण पावसाळ्यापासून थंडीपर्यंत.

खर्डा वहीत लिहा की मोबाइलवर, तुमची मर्जी. पण प्रत्येक भागाची वेगळी फाइल करा, नावात तारीख टाका आणि आठवड्यातून एकदा स्वतःलाच ईमेल करा. टाइप करताना युनिकोडच वापरा. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं पुढे बदलून घेताना काय होतं, ते खाली येईलच.

५. आत्या आणि सूप

आता मुख्य पायरी.

माझी आत्या सातवी शिकलेली. कवितेचं तिला ना कौतुक, ना वावडं. एका दुपारी ती तांदूळ निवडत बसली होती. मी म्हटलं, "आत्या, वाचून दाखवू का?" ती म्हणाली, "वाच ना बाप्पा, माझं काम तर थांबून नाही राहिलं."

मी वाचायला लागलो. दुसऱ्या भागात कधीतरी माझ्या लक्षात आलं की तिचे हात सुपात थांबलेत. ती ऐकत होती. थोड्या वेळाने हात पुन्हा खडे वेचायला लागले. मी पेन्सिलीने समासात फुली मारली. पुढे हात थांबले तिथे गोल केला. शेवटपर्यंत हेच केलं. तिने तोंडाने दोनच गोष्टी विचारल्या. एक, "हा बुढा मघाशी पुलावर होता, आता कुठी गेला?" आणि दुसरी, "ते सगळं पुन्हा काऊन सांगून राहिला?"

रात्री मोजलं. सलग फुल्यांच्या पट्ट्यात ५०० च्या वर ओळी होत्या. त्यातल्या बहुतेक मला सगळ्यात जास्त आवडणाऱ्या: संध्याकाळचं वर्णन, पाण्यावरचा उजेड, स्वतःच्या मनाचे उमाळे. म्हातारा मात्र मी खरोखरच हरवला होता. तो पंचशीलला दिसतो आणि पारडीला एकदम पुन्हा उगवतो. मधे त्याला एकदा जगनाडे चौकात चहा पाजावा लागला.

कवी मित्राला वाचून दाखवू नका असं म्हणत नाही, पण आधी आत्याला दाखवा. मित्र ओळींना दाद देतो. हात थांबले की नाही हे तो सांगत नाही. आणि कविसंमेलनात ही कविता चाचपायला जाऊ नका. तिथे एकेकाला पाच मिनिटं मिळतात आणि तेवढ्यात तुम्ही पहिल्या मुक्कामालाही पोचत नाही. सोळा मात्रांची ओळ सावकाश म्हणायला साधारण चार-साडेचार सेकंद लागतात. बाराशे ओळी म्हणजे दीड तास. घरी दोन बैठका करा, मधे चहा ठेवा.

हे वाचन निदान तीन वेगवेगळ्या माणसांसमोर झालं पाहिजे. तिघांचेही हात एकाच जागी सुपाकडे गेले, तर ती जागा कापा. वाद घालू नका.

६. आधी तुकडा छापून बघा

पूर्ण पुस्तकाआधी एखादा भाग नियतकालिकात यावा. विदर्भ साहित्य संघाचं 'युगवाणी' आहे, दिवाळी अंक आहेत. विदर्भ साहित्य संघ १९२३ मध्ये अमरावतीला स्थापन झाला आणि आज त्याचं कार्यालय सीताबर्डीवर झाशी राणी चौकात आहे. नवख्याने तिथे जायला संकोचू नये. कार्यक्रमांना बसा, ओळखी आपोआप होतात.

संपादकाला अख्खी कविता पाठवू नका. साठ ते ऐंशी ओळींचा, स्वतःच्या पायावर उभा राहील असा तुकडा निवडा आणि वर एका वाक्यात संदर्भ द्या: 'नाग नदीवरील दीर्घ कवितेतील पुराचा भाग.' एवढंच. मनोगत, बायोडेटा, फोटो यांचा मारा नको. दिवाळी अंकासाठी पावसाळा सुरू होतानाच पाठवा; गणपतीत पाठवलेलं पुढच्या वर्षाचं धरावं.

७. प्रकाशक की स्वतः?

खरं बोलायचं तर कवितेचं पुस्तक, त्यातही दीर्घ, त्यातही पहिलं, स्वतःच्या पैशाने काढणारा प्रकाशक विरळा. म्हणून तीन वाटा उरतात.

पहिली, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना. ही पहिल्याच पुस्तकासाठी असते. जाहिरात येते त्यात हस्तलिखिताच्या अटी असतात, त्या अक्षरशः पाळा. वेळ लागतो, पण हस्तलिखित जाणकारांच्या नजरेखालून जातं हा फायदा.

दुसरी, प्रकाशकाचं नाव आणि तुमचे पैसे. हा व्यवहार चालतो आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण कागदावर घ्या: प्रती किती छापणार, तुम्हाला किती मिळणार, उरलेल्या कुठे राहणार, दुसऱ्या आवृत्तीचा हक्क कोणाचा. मी एका ठिकाणी तोंडी बोलण्यावर आगाऊ रक्कम देऊन बसलो होतो. आठ महिने 'मुखपृष्ठ होऊन राहिलं' एवढंच ऐकलं. शेवटी अर्धे पैसे परत मिळाले, तेही मला भाग्याचे वाटले.

तिसरी, स्वतः प्रकाशक होणं. मी हीच धरली.

इथे एक जुनी गोष्ट आठवते. महानुभाव परंपरा सांगते की रुक्मिणीस्वयंवर लिहिणाऱ्या नरेंद्र कवीला रामदेवराव यादवाने दर ओवीमागे सोन्याचं नाणं देऊ केलं, अट एवढीच की काव्य राजाच्या नावावर व्हावं. कवीने नाही म्हटलं. कविकुळाला बोल लागेल म्हणून. आपल्याला दर ओळीमागे कोणी काही देत नाही, उलट दर फर्म्यामागे आपणच देतो. निदान नाव तरी आपलं राहतं.

८. फर्म्याचं गणित

छपाईचा मोठा कागद घडी घालून सोळा पानांचा एक गठ्ठा होतो, त्याला फर्मा म्हणतात. कवितेचं पुस्तक सहसा डेमी एक अष्टमांश आकारात काढतात, म्हणजे सुमारे साडेपाच बाय साडेआठ इंच. खर्च पानांवर नव्हे, फर्म्यांवर चालतो. ६४ पानं म्हणजे चार फर्मे. ६६ पानं झाली की त्या दोन पानांसाठी अर्धा फर्मा जास्त, म्हणजे ७२ पानांचे पैसे.

माझा हिशेब असा बसला. पानावर २६ ओळी धरल्या तर १,२०० ओळींना ४७ पानं. सात भाग नव्या पानावर सुरू केले, त्यात वाया गेलेली आणि शीर्षकांची मिळून ६. शीर्षकपान, श्रेयपान, अर्पणपत्रिका, मनोगत वगैरे ८. झाली ६१. उरलेल्या तीन पानांत स्थळांच्या टिपा टाकल्या. ओळी कापताना शेवटच्या तीस-चाळीस ओळींबाबत माझं मन होत नव्हतं, तेव्हा या गणिताने निर्णय करून टाकला. कवितेच्या दृष्टीनेही तो बरोबर निघाला, हा योगायोग समजा.

पान जुळवताना तीन गोष्टी सांभाळा.

ओळीची रुंदी. तेरा पॉइंटच्या अक्षरात डेमी पानावर साधारण तीस-बत्तीस अक्षरं मावतात. त्याहून लांब ओळ मोडून खाली येते आणि नवी ओळ असल्यासारखी दिसते. मुक्तछंदवाल्यांनो, तुमची सगळ्यात लांब ओळ आधी लावून बघा. मोडणारच असेल तर मोडलेला तुकडा आत सरकवून लावायला सांगा.

कडव्याची फट. कडवं नेमकं पानाच्या तळाशी संपलं, तर पुढच्या पानावर नवं कडवं आहे की तेच चालू आहे हे वाचकाला कळत नाही. तिथे एखादी ओळ वर-खाली करून घ्या.

ओळींची मोजणी. प्रूफच्या, म्हणजे छपाईआधी तपासायच्या प्रतीत प्रत्येक ओळीला क्रमांक टाकून मागा. माझ्या भागांची यादी होती: १५०, १९०, १६४, २१०, १७६, १७०, १४०. पहिल्या प्रूफमध्ये तिसरा भाग १६० वर संपला. चार ओळी गळाल्या होत्या, आणि गंमत अशी की वाचताना मला त्या गळाल्याचं कळलंच नव्हतं, कारण मला कविता पाठ होती. डोळे नसलेलं वाचत होते. क्रमांक नसते तर तशीच छापली गेली असती.

९. मुद्रितशोधन

आता ती जुन्या फाँटची गोष्ट. माझे पहिले दोन भाग एका डीटीपीवाल्या मुलाने जुन्या फाँटमध्ये टाइप केले होते. युनिकोडमध्ये बदलताना 'वाऱ्याच्या'चं 'वार्याच्या' झालं, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसले आणि 'दुपारच्या ऱ्हासात' काय झालं ते लिहिण्यासारखं नाही. म्हणून प्रूफ वाचताना तीन अक्षरं मुद्दाम शोधा: ऱ्य, ऱ्ह आणि रफार. नंतर अनुस्वार. नंतर ऱ्हस्व-दीर्घ, कारण वृत्तात ऱ्हस्वाचं दीर्घ झालं तर शुद्धलेखनाबरोबर मात्राही बिघडते. वृत्तासाठी तुम्ही मुद्दाम बदललेले ऱ्हस्व-दीर्घ असतील, तर त्यांची यादी प्रूफ वाचणाऱ्याला आधीच द्या, नाहीतर तो प्रामाणिकपणे सगळे 'सुधारून' टाकेल.

एकट्याने वाचू नका. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचावी, विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्याने प्रूफवर बोट ठेवून चालावं. माझ्या पुतणीने हे काम केलं. 'स्वल्पविराम, पूर्णविराम' ऐकून ती दोन दिवस घरात तसंच बोलत होती.

१०. कागदपत्रं

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन अर्जाने मिळतो, त्याला शुल्क नाही आणि लेखक स्वतः प्रकाशक म्हणून अर्ज करू शकतो. 'आयएसबीएन काढून देतो' म्हणून कोणी वेगळे पैसे मागितले तर हसून पुढे जा.

कॉपीराइट लिहिल्याबरोबर तुमचाच असतो, नोंदणी सक्तीची नाही. हवी असेल तर साहित्यकृतीसाठी ५०० रुपये शुल्क आहे. याची दुसरी बाजू लोक विसरतात: सुरुवातीला दुसऱ्या कवीच्या ओळी टाकायची फार हौस असते. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क शाबूत असतो. अनिल १९८२ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या ओळी २०४२ संपेपर्यंत परवानगीशिवाय मोकळ्या नाहीत. केशवसुत १९०५ मध्ये गेले, त्यांच्या खुशाल घ्या.

पुस्तक निघाल्यावर तीस दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, आणि त्याशिवाय मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते. १९५४ चा कायदा आहे. प्रकाशक तुम्ही असाल तर हे काम तुमचंच.

११. किती प्रती, आणि कुठे विकायच्या

पाचशे छापू नका. ऑफसेटवाले सांगतील की पाचशेला प्रत स्वस्त पडते. पडते, पण न विकलेली प्रत कधीच स्वस्त नसते. पहिल्यांदा डिजिटलवर शंभर काढा, चुका सापडू द्या, मग पुढचं बघा. किंडलवर मराठी ई-पुस्तक टाकता येतं. तिथे वाचक अक्षर मोठं करतो आणि ओळी मोडतात, त्यामुळे तुकडा आत सरकवण्याची सोय फाइलमध्येच करून ठेवा आणि स्वतःच्या मोबाइलवर तपासा.

प्रकाशन समारंभावर पुस्तकापेक्षा जास्त खर्च करणारे मी पाहिलेत. हार, मोमेंटो, चार वक्ते, आणि कवीला वाचायला सात मिनिटं. त्यापेक्षा ज्या जागेची कविता आहे तिथे जा. आम्ही मोक्षधामच्या अलीकडे एका मित्राच्या गच्चीवर तीस माणसं जमवली, तर्री-पोहे ठेवले आणि पुराचा भाग पूर्ण वाचला. एकोणीस प्रती गेल्या. आत्या पहिल्या रांगेत होती. या वेळी तिच्याकडे सूप नव्हतं, त्यामुळे मला काही अंदाज लागत नव्हता.

दुकानदाराला टक्केवारीवर पाच-पाच प्रती द्या आणि पावती घ्या. ग्रंथालयांना स्वतः जाऊन भेटा. पुस्तकं लोक कशी विकत घेतात हे शिकायचं असेल, तर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरातल्या स्टॉलांवर दोन तास उभे राहा. १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेची आठवण ठेवून दूरदूरच्या गावांतून लोक येतात आणि परतीच्या पिशवीत पुस्तकं नेतात. तिथे गिऱ्हाईक आधी किंमत बघतं, मग अक्षर मोठं आहे का ते बघतं, मग मधलंच एखादं पान उघडून चार ओळी उभ्याउभ्या वाचतं. मी ते पाहिल्यावर पुढच्या शंभर प्रतींत अक्षर एका पॉइंटने वाढवलं, पानावर २४ ओळी घेतल्या आणि टिपांची तीन पानं काढून टाकली. नव्या हिशेबाने ५० पानं कवितेची, ६ वाया, ८ सुरुवातीची, पुन्हा चौसष्टच.

उरलेल्या प्रतींचे गठ्ठे जमिनीवर किंवा भिंतीला टेकून ठेवू नका. पावसाळ्यात भिंत ओल धरते आणि वाळवी कविता सोडत नाही. खाली फळी, वर प्लास्टिक, आणि एक प्रत बाजूला, लाल पेनसकट. सापडलेली प्रत्येक चूक त्याच प्रतीत नोंदवत जा. माझ्या प्रतीत सध्या अकरा आहेत.